शाहिराच्या मागचे गडी

केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ २८ एप्रिल २०२३ला लागला. शाहीर साबळे यांचं ते जन्मशताब्दीचं वर्ष. साबळे हे दिग्दर्शकाच्या आईचे वडील. त्यांची भूमिका अंकुश चौधरीनं केली आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंची सना शिंदेनं, म्हणजे पणजीचं काम पणतीनं. संगीत अजय-अतुल यांचं. घरच्या कार्यासारखा हा सिनेमा आहे. त्यात जिव्हाळा भरपूर, आणि घरच्यांना आपल्या माणसाचे दोष जरा कमीच दिसतात, तेही आलंच. मला तो आवडला होता. आवडण्यात थोडी खोट निघाली ती पुढच्या जानेवारीत, सिंदखेडराजाला.

१२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सव असतो. पहाटेपासून लखुजी जाधवांच्या राजवाड्याकडे माणसांची रीघ लागते, आणि पुढे जिजाऊसृष्टीवर दिवसभर भाषणं, पोवाडे, पुस्तकांचे स्टॉल. चिखलीकडचं एक शाहिरी पथक आदल्या रात्रीच येऊन पडलं होतं. शाहीर शाळेत मास्तर, ढोलकीवाला गवंडी, कीबोर्डवर कॉलेजातलं पोरगं. आणि दोन झीलकरी, दोघेही शेतकरी. तुरीची सोंगणी अर्धी टाकून आलेले.

थंडीनं डफ उतरला होता. बकऱ्याचं कातडं दमट हवेत सैल पडतं, मग थाप मारली की भद्द वाजतं. त्यातल्या वयस्क झीलकऱ्यानं तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ केला. जाळावर डफ धरायचा नाही, हे त्यानं मला पहिल्यांदा बजावलं. जाळ बसू द्यायचा, निखारा झाला की वीतभर वरून डफ फिरवत राहायचा. एका जागी थांबला की कातडं तिथंच आखडतं, आणि जास्त तापलं की कडेला तडकतं. तो डफ भाकरीसारखा फिरवत होता. मधेच बोटाच्या पेरानं कडेवर टकटक करायचा, कान लावायचा, पुन्हा फिरवायचा. कडेचा आवाज आणि मधला आवाज एकमेकांपासून स्वच्छ सुटे होईपर्यंत हे चाललं. तोवर दुसऱ्यानं तुणतुण्याची खुंटी पिळून तार शाहिराच्या काळी चारला आणली. तुणतुण्याला ती एकच तार. तिला चाल वाजवायची नसते, सूर सोडायचा नसतो एवढंच तिचं काम.

तालीम सुरू झाली तेव्हा मी शाहिराकडे पाहत होतो, सगळे पाहतात तसा. थोड्या वेळानं त्याच्या गळ्याखालची शीर दिसायला लागली. एका दमात तो लांबलचक ओळी फेकत होता. शेवटच्या शब्दावर आवाज वर चढवायचा, आणि तो शब्द पुरता संपायच्या आत मागून झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलायचे. तेवढ्यात शाहीर तोंड माइकपासून बाजूला करून छाती भरून घ्यायचा, फेट्याचा शेव मागे टाकायचा, पुढची ओळ डोक्यात जुळवायचा. समोरच्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, गाणं अखंड चाललंय. एकदा तरुण झीलकऱ्याला उचलायला किंचित उशीर झाला, तर मधे जे भोक पडलं ते मलाही ऐकू आलं. शाहिरानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, डफावर एक कोरडी थाप मारली. पोरगं समजलं.

चहाच्या वेळी मी विचारलं, “काका, साबळ्यांचा सिनेमा पाह्यला का?”

“पुतण्याच्या मोबाइलवर पाह्यला न भाऊ. शाहीर झ्याक केला त्यानं. पण मांगचे गडी तं दिसलेच नाहीत.”

मग घरी येऊन मी तो पुन्हा लावला. मागचे गडी दिसतात, पण धूसर. कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर असतो आणि तोच तिथं शोभतो, नाहीतर चरित्रपट कसला? शिवाय गाणं आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं असतं. सेटवर ते स्पीकरवर वाजतं आणि नट ओठ हलवतो. त्याला दम लागत नाही, म्हणून त्याला झिलेची गरजही पडत नाही. ज्यांच्या पथकाचं नावच ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ होतं, त्यांच्या सिनेमात पार्टी मागच्या पडद्यासारखी व्हावी, हे मला खटकतं.

पूर्वी असं नव्हतं असं म्हणण्याचा मोह होतो. १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’त जयराम शिलेदार स्वतः गायले होते. तिकडे अमेरिकेत, गावरान गाण्यातल्या लॉरेटा लिन या खाणकामगाराच्या मुलीवर १९८०मध्ये ‘कोल मायनर्स डॉटर’ निघाला. त्यात लॉरेटा झालेल्या सिसी स्पेसेकनं आपली सगळी गाणी स्वतःच्या गळ्यानं गायली आणि ऑस्कर घेतलं. गळा आपला असला की छाती फुगताना दिसते, एवढा फरक नक्की पडतो. पण तिथंही कॅमेरा पुढच्यालाच धरून असतो. ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये मला सगळ्यांत खरं वाटलं ते ‘गाऊ नको किसना’. ते जयेश खरे या शाळकरी मुलाकडून गाऊन घेतलंय. शाळेत गातानाचा त्याचा व्हिडिओ गाजला होता. त्या गळ्यात अजून धाप ऐकू येते.

सिंदखेडराजाला दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला तो वेळेचा. पथकाला अर्धा तास सांगितलेला, वक्त्यांची भाषणं लांबली आणि हातात पंधरा मिनिटं उरली. मंडपामागे कापाकापी सुरू झाली. राज्यगीत कापता येईना. नागपूरच्या राजा बढ्यांचे शब्द, खळ्यांची चाल, साबळ्यांचा गळा, आणि १९ फेब्रुवारी २०२३पासून त्यावर सरकारी शिक्का. गण लगेच गेला. एक कार्यकर्ता घड्याळ बघत म्हणाला, “शाहीर, ते मागचं जी जी कमी करा, त्यातच निम्मा वेळ जातो.”

शाहीर मास्तर माणूस, एरवी पुस्तकी बोलणारा. पण तेव्हा त्याची वऱ्हाडी बाहेर आली. “चौक कापा हवा तं. जी जी कापली तं मी दम कोठी घेऊ?”

झीलकरी काका तुणतुण्याची खुंटी पिळत होते, त्यांनी मानही वर केली नाही. शेवटी शहाजीराजांच्या लग्नाचा चौक गेला. वाईट वाटलं ते कीबोर्डवाल्या पोराला. सनईचा तुकडा त्यानं त्याच चौकासाठी बसवला होता.