वेबसाइटवर फाइल घेण्याची पद्धत : मालकाने काय पाहावे?

कापडाच्या धंद्यात नमुन्यांची पेटी घेऊन फिरणे आता कमी झाले आहे. डिझाइनचे फोटो, ऑर्डरची यादी, बिलाची पीडीएफ हे सारे इंटरनेटवरून येते-जाते. आपले पुष्कळ व्यापारी बांधव स्वतःची वेबसाइट बनवून घेत आहेत. तिच्यात फाइल स्वीकारण्याची सोय बहुधा कच्ची राहते. बनवणारा 'फाइल जाते' एवढे दाखवून पैसे घेतो. पुढचे नुकसान मात्र मालकाचे. म्हणून हा विषय आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

एपीआय म्हणजे दोन प्रोग्राममधला ठराव. माल कोणत्या दारावर आणायचा, कसा बांधायचा आणि पावती काय मिळणार, हे त्यात आधीच ठरलेले असते.

बांधणी : ब्राउझरच्या फॉर्ममधून फाइल पाठवण्याची रीत १९९५ साली झेरॉक्स कंपनीच्या नेबेल व मॅसिंटर यांनी मांडली. तिला 'मल्टिपार्ट' म्हणतात. एकाच पार्सलात पार्टीचे नाव, ऑर्डर नंबर आणि फाइल वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. काही जण फाइलचे 'बेस-६४' अक्षरांत रूपांतर करून पाठवतात. त्यात ३ बाइटची ४ अक्षरे होतात, म्हणजे ६ एमबीचा फोटो ८ एमबी होतो. हे भाडे फुकटचे आहे.

दारावरची तपासणी : किती मोठी व कोणत्या जातीची फाइल चालेल, हे आधी जाहीर असावे. मोठी असेल तर ४१३ आणि नको त्या जातीची असेल तर ४१५ या ठरलेल्या क्रमांकाने परत करावी. नुसते 'चूक झाली' म्हणण्याने समोरच्याला काहीच कळत नाही.

नावावर भरवसा नको : गाठीवरची चिठ्ठी पाहून कोणी माल उतरवून घेत नाही, गाठ उघडून पाहतो. फाइलच्या शेवटी 'जेपीजी' लिहिले म्हणून ती फोटो होत नाही. खऱ्या जेपीजीचे पहिले बाइट ठरलेले असतात. ते सर्व्हरने तपासावेत आणि व्हायरसची तपासणीही करावी. फाइलला आपले नवे नाव द्यावे आणि ती प्रोग्राम चालतात त्या जागेपासून दूर ठेवावी. नाहीतर फोटोच्या नावाने आलेला प्रोग्राम सर्व्हरचा ताबा घेऊ शकतो.

तुटलेले पाठवणे : नेटवर्क मध्येच जाते. ९० टक्के गेलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागली, तर गिऱ्हाईक कंटाळते. म्हणून मोठी फाइल तुकड्यांनी घ्यावी. किती माल पोचला हे सर्व्हरने सांगावे आणि तिथूनच पुढे सुरू करावे.

दुबार नोंद : पावती वाटेत हरवली की पाठवणारा तीच ऑर्डर पुन्हा पाठवतो. एका ऑर्डरच्या दोन झाल्या तर माल दुप्पट निघतो. प्रत्येक पाठवणीला पाठवणाऱ्याने एक खास क्रमांक लावावा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवी नोंद न करता जुनीच पावती द्यावी.

पावती : फाइल जमा झाली तर २०१ हा क्रमांक आणि फाइलचा पत्ता मिळावा. तपासणी बाकी असेल तर २०२, आणि पुढची हकीकत विचारण्याची सोय. बिल्टीशिवाय माल सोडू नये, तसेच हे.

अमानत : गिऱ्हाइकाचे पॅन, आधार, बिले ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. पत्ता हाती लागला म्हणून कोणालाही फाइल उघडता येऊ नये. दर वेळी हक्क तपासावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मालकाने चार गोष्टी समोर बसून करून पाहाव्यात. फाइल जात असताना मोबाइलचे नेट बंद करावे. साध्या मजकुराच्या फाइलला 'जेपीजी' नाव देऊन पाठवावे. ऑर्डरचे बटण दोनदा दाबावे. एका पार्टीच्या बिलाचा पत्ता दुसऱ्या पार्टीच्या खात्यातून उघडून पाहावा. चारही ठिकाणी जबाब बरोबर आला, तरच हिशेब पुरा करावा.