वाचकच जेथे लेखक होतो

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशापासून मराठीत कोशरचनेची थोर परंपरा आहे. परंतु छापील कोशातील चूक वाचकाला आढळली, तरी ती सुधारण्यास पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागे. १९९१ मध्ये जगास खुल्या झालेल्या महाजालावरही आरंभी लिहिणारे थोडे व वाचणारे पुष्कळ, अशीच स्थिती होती.

१९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी ‘विकी’ ही रचना प्रसिद्ध केली. तीत वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. याच रचनेवर २००१ मध्ये विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश उभा राहिला. १ मे २००३ रोजी त्याची मराठी आवृत्ती सुरू झाली.

सर्वांस मुभा म्हणजे अनागोंदी नव्हे. प्रत्येक बदलाची नोंद राहते, चुकीचा मजकूर मागे घेता येतो, आणि विधानास प्रसिद्ध ग्रंथाचा आधार द्यावा लागतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शायिस्ताखानाविरुद्ध लढविला, हे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानेही आधार शोधलाच पाहिजे.

येथेच शिक्षकांची जबाबदारी सुरू होते. चाकण ते चिंचवड या पट्ट्यात शेतांच्या जागी कारखाने आले. त्या शेतांची, ओढ्यांची नावे वृद्धांच्या केवळ स्मरणात आहेत; ग्रंथाधार नसल्याने ती कोशात जाऊ शकत नाहीत. म्हणून शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांकडून विचारून घ्यावीत, पडताळावीत व शाळेच्या वार्षिक अंकात छापावीत. लिहिले न गेलेले गाव कोणत्याही कोशात सापडणार नाही.