कुत्र्याच्या हृदयाची झडप व एक लहानसा चिमटा

आमच्या शाळेच्या आवारांत पुष्कळ वर्षें लहान चणीचा एक कुत्रा होता. म्हातारपणीं त्याला रात्रीं खोकला येऊं लागला. घशांत हाड अडकलें असेल अशी आम्हां सर्वांची समजूत. कोणी गूळ चारला, कोणी हळद. एके दिवशीं पहाटे तो पायरीवर निपचित पडलेला आढळला. त्याचें दुखणें घशांत नसून हृदयांत असावें, हें पुढें ह्या विषयाची माहिती वाचतांना आमच्या ध्यानांत आलें. ज्या घरीं कुत्रा आहे त्या घरच्या मुलांस व वडील मंडळींस ती हकीकत उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

कुत्र्याचें हृदय आपल्या हृदयासारखेंच चार कप्प्यांचें असतें. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलें रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत येतें, तेथून खालच्या कप्प्यांत उतरतें, आणि तो कप्पा आंवळला म्हणजे सर्व शरीरभर जातें. ह्या दोन कप्प्यांच्या मध्यें दोन पाळ्यांची एक झडप आहे. तिचा आकार बिशपसाहेबांच्या ‘माइटर’ नांवाच्या उंच टोपीसारखा दिसतो, म्हणून शरीरशास्त्रज्ञांनीं तिला ‘मायट्रल’ हें नांव दिलें. कप्पा आंवळतांना पाळ्या वरच्या बाजूस उलटूं नयेत, म्हणून तंबूला जसे ताण असतात तशा बारीक दोऱ्यांनीं त्या खालीं बांधलेल्या असतात.

वय होऊं लागलें कीं कांहीं कुत्र्यांत ह्या पाळ्या जाड व गांठाळ होतात. दोऱ्या लांबतात, क्वचित् तुटतातहि. मग पाळ्यांच्या कडा एकमेकींस नीट मिळत नाहींत आणि दर ठोक्यास थोडें रक्त मागें वरच्या कप्प्यांत फेंकलें जातें. तो कप्पा फुगत जातो, व शेवटीं फुप्फुसांत पाणी सांचून जनावर धापा टाकूं लागतें. कुत्र्यांच्या हृदयविकारांत सर्वांत अधिक आढळणारा विकार हाच. लहान जातींत तो विशेष. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ह्या जातीस तर तो बऱ्याच लौकर गांठतो. पिमोबेंडन नांवाचें औषध हृदय मोठें झाल्यावर, पण धाप लागण्यापूर्वीं सुरू केलें, तर ती वेळ सुमारें 15 महिने लांबणीवर पडते, असें 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत दिसून आलें. परंतु औषधानें झडप सांधली जात नाहीं.

ती सांधण्याचा एक मार्ग म्हणजे छाती उघडून, रक्ताभिसरण यंत्राकडे सोंपवून, हृदय थांबवून नव्या दोऱ्या बसविणें. जपानांतील डॉ. मासामी उएची ह्यांनीं ह्या कामीं मोठें नांव मिळविलें आहे. पण अशी मंडळी व अशीं यंत्रें जगांत फार थोड्या ठिकाणीं आहेत.

दुसरा मार्ग इटलींतील मिलान शहरीं सुचला, आणि तोहि मनुष्यांसाठीं. 1991 सालीं ओत्तावियो अल्फिएरी ह्या शस्त्रवैद्यानें गळक्या झडपेच्या दोन्ही पाळ्या मधोमध एकमेकींस शिवून टाकल्या. एका भोंकाचीं दोन भोंकें झालीं; रक्त उतरण्यास वाट राहिली आणि मागें फिरणारा ओघ आटला. पुढें टांक्याच्या जागीं चिमटा आला, व मांडीच्या शिरेंतून नळी घालून तो मनुष्याच्या हृदयापर्यंत नेतां येऊं लागला. आजवर मनुष्याच्या उपचारांसाठीं कुत्र्यांनीं प्रयोगशाळांत प्राण वेंचले आहेत. येथें मात्र उपकाराचा ओघ उलट वाहिला, ही गोष्ट आम्हांस फार समाधानाची वाटते.

लहान कुत्र्याच्या पायाची शीर एवढ्या नळीस पुरत नाहीं. म्हणून शांघाय येथील हाँग्यू कंपनीनें कुत्र्यांकरितां बनविलेला चिमटा निराळ्या वाटेनें नेतात. जनावरास भूल देऊन बरगड्यांमध्यें लहानशी चीर घेतात, हृदयाच्या खालच्या टोंकास टांका घालून ठेवतात व त्यांतून नळी आंत सारतात. हृदय ह्या सर्व वेळीं चालूच असतें! अन्ननलिकेंत उतरविलेलें एक उपकरण ध्वनिलहरींच्या साह्यानें झडपेचें हलतें चित्र पडद्यावर दाखवितें. त्या चित्राकडे पाहून, दर ठोक्यास उघडमीट करणाऱ्या पाळ्या नेमक्या चिमट्यांत धरावयाच्या असतात. गळती पुरेशी कमी झाली नसेल तर चिमटा उघडून पुन्हां धरतां येतो. मग नळी काढून तो टांका आंवळतात. अमेरिकेंत फोर्ट कॉलिन्स येथील कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यांनीं हें काम चालविलें आहे.

ह्यानें प्रत्येक कुत्रा बरा होतो असें मात्र कोणी समजूं नये. गळती बहुधा कमी होते, अगदीं बंद होईलच असें नाहीं. पाळ्या फार बिघडलेल्या असल्या किंवा जनावर फारच लहान असलें तर चिमटा बसत नाहीं. शस्त्रक्रियेंत जीवाचा धोकाहि आहे, आणि खर्च मोठा. आपल्यापैकीं बहुतेकांच्या आटोक्यांत आज आहे तें इतकेंच कीं, रोग वेळीं ओळखावा. पशुवैद्यास छातीला नळी लावून गळतीची फुसफुस खोकल्याच्या पुष्कळ आधीं ऐकूं येते. घरच्या मुलांना घड्याळ पुरे. कुत्रा गाढ झोंपला असतां त्याची छाती एका मिनिटांत किती वेळां वर येते तें मोजावें. निरोगी कुत्र्याचा हा आंकडा सहसा 30 च्या आंत असतो. तो वारंवार त्याच्या वर जाऊं लागला, तर गूळहळदीच्या नादीं न लागतां त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें.