तान्ह्या मुलांच्या जांघेतील गाठ : ओळख आणि निदान

सांगली जिल्ह्यातील आष्टा व भोवतालच्या ऊसपट्ट्यात गळिताच्या हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे खोप्या घालून राहतात. अशा खोपीत रडणाऱ्या तान्ह्या मुलाच्या जांघेत फुगवटी दिसते आणि ते निजले की नाहीशी होते. डॉक्टर तपासतो तेव्हा जांघ निर्दोष असते, व मूल परत पाठविले जाते. निदानातील खरी अडचण ही आहे.

गर्भावस्थेत वृषण खाली उतरताना पर्युदराची, म्हणजे उदरपोकळीच्या अस्तराची, एक नळीसारखी पिशवी जांघेतून वृषणकोशापर्यंत जाते. ती यथाकाल मिटली नाही तर तीत आतडे उतरते, हाच अंतर्गळ. वाट अरुंद असून केवळ पाणी उतरले तर त्यास जलवृषण म्हणतात. उजवे वृषण उशिरा उतरत असल्याने विकार उजवीकडे अधिक आढळतो. पूर्ण दिवसांच्या मुलांत त्याचे प्रमाण शेकडा १ ते ५ असते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ते बरेच वाढते. रडण्याने अंतर्गळ होतो हा समज म्हणूनच खरा नव्हे. रडणे त्यास केवळ प्रकट करते.

तपासताना प्रथम दोन्ही वृषणे जागेवर आहेत की नाहीत हे पाहावे. न उतरलेले वृषणही जांघेत गाठीसारखेच लागते. मुलीच्या जांघेत हाताला लागणारी लहान, हलणारी गाठ बहुधा अंडाशयाची असते. रसग्रंथींची सूज रडण्याने कमीजास्त होत नाही. विजेरीच्या प्रकाशाने पाणी व आतडे यांतील भेद ठरविण्याची जुनी रीत या वयात फसवी ठरते, कारण बाळाच्या आतड्याच्या पातळ भिंतीतूनही प्रकाश पार जातो. त्यापेक्षा आईने केलेले वर्णन अधिक विश्वसनीय होय. गाठ दिसताच तिने मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवले असेल तर उत्तमच.

बेंबीचा अंतर्गळ बहुधा आपोआप मिटतो. त्यावर नाणे बांधणे व्यर्थ आहे. जांघेतील अंतर्गळ मात्र आपोआप मिटत नाही, आणि आतडे अडकण्याचा धोका पहिल्या वर्षातच सर्वाधिक असतो. गाठ कठीण व दुखरी होऊन आत जाईनाशी झाली, मूल सतत रडू लागले, हिरवी उलटी झाली, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, सांगली वा मिरजेस शस्त्रवैद्याकडे नेले पाहिजे. शस्त्रक्रियेत पिशवी मुळाशी बांधून तोडतात. प्रौढांप्रमाणे स्नायूंची डागडुजी सहसा करावी लागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत भुलीनंतर श्वास थांबण्याचा संभव असल्याने त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवतात.