माळ्यावरचा लाकडी कॅमेरा

लातूरच्या एका ओळखीच्या घरातून मध्यंतरी फोन आला. "सर, नानांच्या स्टुडिओतला लाकडी कॅमेरा एक जण विकत मागतोय. देऊन टाकू का?" मी म्हणालो, "घाई करू नका. त्याच्यासोबतच्या काचा कुठे आहेत?" काचांची पेटी माळ्यावर होती. तिच्याबद्दल कुणी विचारलेच नव्हते.

नांदेड-लातूरचा हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पर्दानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटोही बाईच काढत असे. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर उतरे. फुल प्लेट म्हणजे साडेआठ बाय साडेसहा इंच. फोटोग्राफर काळ्या कापडात डोके घालून दुधी काचेवरचे उलटे चित्र पाही आणि लेन्सचे झाकण काढून पुन्हा लावी. पुढे असे कॅमेरे आपल्याकडेही बनू लागले. केरळच्या आलप्पुझा इथला 'वागीश्वरी' त्यांतला नावाजलेला.

अशा कॅमेऱ्याची किंमत नुसत्या सागवानावर ठरत नाही. पहिली पाहावी लेन्स. पितळी कड्यावर कंपनीचे नाव आणि नंबर आहे का? काचेत बुरशी आहे का? मग अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावावा. छिद्र असेल तर उजेड बाहेर दिसेल. दुधी काच आणि प्लेट ठेवायच्या चौकटी जागेवर असाव्यात. पितळ घासून चकाकवू नये, लाकडाला नवे पॉलिश करू नये. जुनेपणाच गेला तर शौकीन काय घेणार? शोभेसाठी नवे बनवून 'अँटिक' म्हणून विकलेले कॅमेरेही बाजारात असतात. त्यांत प्लेट बसवायची सोयच नसते.

पण खरी ठेव काचांमध्ये असते. कित्येक घरांत दादीचा एकच फोटो असतो, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घरांबरोबर असे कितीतरी फोटो मातीत गेले. निगेटिव्ह कुणाच्या माळ्यावर शाबूत असेल, तर गेलेला चेहरा पुन्हा कागदावर येऊ शकतो. आणि आपण त्याच काचा खरवडून तसबिरींना लावल्या!

लातूरच्या घरी आम्ही तसेच केले. काच कडेने धरली, पाणी लावले नाही. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यापासून थोडी वर धरून दुसऱ्या मोबाइलने फोटो घेतला आणि रंग उलटे केले. नानी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये तो मेरी सास है."

कॅमेरा विकायचा तर खुशाल विका, मात्र त्यातला ऐब लपवू नका. काचा आधी मोजा, ज्येष्ठांना दाखवून नावे लिहून घ्या. ओळखणारे डोळे आज घरात आहेत.