पडका वाडा आणि घरपट्टी

मृग नक्षत्र जवळ आलें कीं पुण्याच्या जुन्या पेठांतून महानगरपालिकेच्या नोटिसा फिरूं लागतात. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतील कित्येक वाड्यांच्या दारांवर कागद चिकटतो : इमारत धोक्याची आहे, दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या. १९४९ च्या महानगरपालिका कायद्याच्या २६४ व्या कलमानें आयुक्तांना तसा अधिकार दिलेला आहे. नोटीस मालक वाचतो, भाडेकरीहि वाचतात. पाऊस येतो आणि जातो. वाडा मात्र आणखी बोटभर खचतो. असें कां होतें आणि घरपट्टीचा त्याच्याशीं काय संबंध आहे, याचा आज आपण थोडा विचार करूं.

मी स्वतः तीस वर्षें अशाच एका वाड्यांत भाडेकरी होतों. दगडी जोतें, सागवानी खांब नि तुळया, विटांच्या भिंती, वर कौलें. असें घर मुळांत दुबळें नसतें. तें पावसानें पडत नाहीं, हेळसांडीनें पडतें. एक कौल सरकतें. त्यांतून पाणी झिरपतें. तुळई भिंतींत जेथें टेकते तेथेंच ती आधीं कुजते. मग माडीची जमीन झुकते. पहिल्या वर्षीं जें काम शाकारणाऱ्याच्या दोन दिवसांचें असतें, तेंच दहाव्या वर्षीं सुतार, गवंडी आणि सावकार यांचें होऊन बसतें. आमचे मालक दुष्ट नव्हते. पण आमच्या दोन खोल्यांच्या वर्षाच्या भाड्यांत एक पन्हळहि बदलली नसती. आणि स्वस्त जागा जाईल या भीतीनें आम्हीहि तोंड उघडीत नसूं. एका श्रावणांत जिन्याची भिंत बसली. त्या घटकेला जिन्यावर कोणी नव्हतें; परंतु पांच मिनिटांपूर्वींच शेजारची मुलगी दप्तर घेऊन तेथून खालीं गेली होती.

या दुरवस्थेचें एक कारण भाड्याच्या कायद्यांत आहे. १९४७ च्या कायद्यानें जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलें. युद्धानंतरच्या टंचाईंत गरीब भाडेकऱ्याला त्यानें छप्पर दिलें, हें विसरतां येत नाहीं. पण तीच पातळी पुढें अर्धशतक राहिली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि त्यानें वर्षाला शेंकडा ४ वाढ देऊं केली. ५० रुपये भाड्यावर शेंकडा ४ म्हणजे २ रुपये ! त्यांत सागवान येत नाहीं.

आतां घरपट्टीकडे वळूं. पुण्यांत ही पट्टी घराच्या विक्रीच्या किंमतीवर नव्हे, तर घरास वर्षाला जें वाजवी भाडें येऊं शकेल त्यावर आकारली जाते. त्या भाड्यांतून कायदा शेंकडा १० वजा करतो आणि ही वजावट दुरुस्ती व इतर सर्व खर्चाबद्दल समजावी असें म्हणतो. वर्गांतल्याप्रमाणें एक गणित मांडूं. भाडें १२,००० रुपये, वजा १,२००, करासाठीं उरले १०,८००. जो मालक दर उन्हाळ्यांत कौलें शाकारतो त्याला १,२०० ची वजावट. ज्यानें वीस वर्षांत वाड्याला हात लावला नाहीं त्यालाहि १,२०० चीच. पुढें पहिल्यानें कर्ज काढून वाडा सावरला, मोऱ्या नव्या केल्या, रिकाम्या खोल्यांना चांगलें भाडें येऊन तें ३०,००० झालें, तर करपात्र रक्कम २७,००० वर जाऊं शकते. साध्या डागडुजीनें आकारणी वाढत नाहीं हें खरें. परंतु घराचें रूप पालटलें कीं सरकारी वही जागी होते. कर्जाचा पहिला हप्ता आणि वाढलेली पट्टी एकाच दारीं येतात.

सवलतीची कल्पना पुण्याला नवी नाहीं. स्वतःच्या घरांत राहणाऱ्या मालकास १९७० पासून शेंकडा ४० सूट मिळत असे. पुढें ती काढून घेण्यांत आली आणि २०२३ सालीं पुन्हां देण्यांत आली. सौर-ऊर्जा, पावसाचें पाणी सांठविणें, गांडूळखत यांसाठींहि शेंकडा ५ ते १० सूट ठेवलेली आहे. मग जो पडतें घर उभें करतो त्यानेंच काय पाप केलें ? मुंबईनें वेगळी वाट धरली : १९६९ च्या कायद्यानें जुन्या इमारतींवर दुरुस्ती-उपकर बसविला आणि दुरुस्तीचें काम एका मंडळाकडे दिलें. न्यूयॉर्क शहरानें १९५५ सालीं घर सुधारल्यामुळें वाढणाऱ्या किंमतीवर कांहीं वर्षें कर न घेण्याची योजना काढली. बदल्यांत तेथील भाडीं नियंत्रणाखालीं ठेवण्याची अट घातली.

ही अटच महत्त्वाची आहे. माझी सूचना साधी आहे. जो मालक वाडा न पाडतां सावरील, त्याची आकारणी दहा वर्षें जुन्याच रकमेवर ठेवावी. मात्र काम पुरें झाल्याचा अभियंत्याचा दाखला हवा; आणि दुरुस्तीसाठीं बाहेर गेलेला भाडेकरी परत आपल्या खोलींत आलेला हवा. भाडेकऱ्याला हुसकावून मिळविलेली सूट ही सूट नव्हे, बक्षीस दिलेला अन्याय होय.

महापालिकेचें उत्पन्न बुडेल, असें कोणी म्हणेल. पण जी पट्टी दुरुस्तीवांचून कधीं जन्मासच आली नसती, ती बुडाली कशी म्हणावी ? अन्यथाहि ज्यानें दुरुस्ती केलीच असती त्याच्यापुरतें थोडें नुकसान होईल, हें मी मान्य करतों. तसेंच एवढ्या सवलतीनें वीस बिऱ्हाडांचा खचलेला वाडा उभा राहील, असेंहि मी म्हणत नाहीं. तेथें भाडें, कर्ज आणि सर्वांचें एकमत या तिन्ही गोष्टी लागतील. परंतु पहिलें कौल सरकलें त्याच वर्षीं मालकानें शिडी लावावी एवढें बळ त्या सवलतींत आहे. आणि वाडे बहुधा त्या एका कौलापासूनच पडूं लागतात.