सहीतला गुप्त आकडा

मागच्या आठवड्यात संदेशाचा हॅश काढून झाला. आता त्यावर सही करायची. ईसीडीएसए पद्धतीत सहीचं समीकरण एका ओळीत मावतं:

स × क = ह + र × ख

ह म्हणजे हॅश, ख म्हणजे खासगी किल्ली आणि क हा त्या एका सहीपुरता निवडलेला गुप्त आकडा. र या क पासूनच निघतो. र आणि स मिळून सही होते. सगळा हिशेब एका मोठ्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत चालतो. कोड लिहायला वेळ लागत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्याचा कस लागतो तो क कुठून आणायचा इथे.

तोच क दोनदा वापरला तर काय होतं, ते लहान आकड्यांवर बघू. भाजक २३, ख = ७, क = ५ घेऊ; र वक्रावरच्या बिंदूवरून येतो, पण इथे सोयीसाठी ३ धरू. ह = १० साठी स येतो २०. ह = ४ साठी स येतो ५. आता किल्ली माहीत नसलेला माणूस दोन्ही समीकरणांची वजाबाकी करतो. र × ख दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते उडतं. उरतं १५ × क = ६. पाचाने ७५ होतात, ७५ ला २३ ने भागलं की बाकी ६, म्हणजे क = ५. तो पहिल्या समीकरणात घातला की ३ × ख = २१. किल्ली हाती! खऱ्या सहीत आकडे प्रचंड असतात, पण गणित एवढंच.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये हेच झालं. सगळ्या सह्यांना एकच क होता. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने ते दाखवून दिलं. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या रँडम आकडे देणाऱ्या भागातली खोट उघडकीस आली. तिच्यामुळे काही बिटकॉइन वॉलेटांच्या सह्यांत क पुन्हा आला आणि लोकांचे पैसे चोरीला गेले.

त्याच महिन्यात थॉमस पोर्निन यांचं आरएफसी ६९७९ प्रसिद्ध झालं. त्यात क रँडम नसतो, तो खासगी किल्ली आणि हॅश यांच्यापासून एचमॅकने काढतात. संदेश बदलला की क बदलतो, आणि मशीनच्या रँडम आकड्यांवर भिस्त राहत नाही. माझ्या मते नव्या लायब्ररीत हाच मार्ग मूळचा असावा. सही करणाऱ्या फंक्शनला बाहेरून क देण्याची सोय तर ठेवूच नये. ती असली की कोणीतरी तिथे स्थिर आकडा घालतोच.

पण घरगुती पद्धत इथेही घात करते. पुट्टी हा प्रोग्राम आरएफसीच्या कितीतरी आधीपासून स्वतःच्या रीतीने क काढत असे: एसएचए-५१२ चा निकाल घ्यायचा आणि त्याला भागून बाकी काढायची. डीएसएच्या छोट्या भाजकाला ते चाललं. पी-५२१ वक्राचा भाजक मात्र ५२१ बिटांचा आणि हॅश ५१२ बिटांचा, त्यामुळे वरचे ९ बिट कायम शून्य. एवढ्या फटीतून सुमारे ६० सह्यांवरून पूर्ण किल्ली काढता येते, हे २०२४ मध्ये बोखूमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. कोड वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता, कारण प्रत्येक सही पडताळणीत खरीच ठरत होती. अशा चुका 'सही केली, तपासली, जुळली' या चाचणीत सापडत नाहीत.

म्हणून एक विनंती. आरएफसी ६९७९ च्या परिशिष्टात नमुन्याच्या किल्ल्या, संदेश आणि त्यांचे क, र, स दिलेले आहेत, पी-५२१ साठीसुद्धा. आपला कोड त्यांच्याशी अंकन्‌अंक जुळल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. पुढच्या आठवड्यात पडताळणी. जावाच्या १५ ते १८ या आवृत्त्यांमध्ये २०२२ च्या एप्रिलमधली दुरुस्ती येईपर्यंत र आणि स दोन्ही शून्य असलेली सही कुठल्याही संदेशावर खरी ठरत होती. सुरुवात तिथूनच करू.